माल्कम एक्स आणि एफबीआयची फाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्कम एक्सचं नाव निघालं की तेच ते प्रश्न येतात, कुणी टीशर्टवर फोटो बघितलेला असतो, कुणी भाषणाची रील बघितलेली असते, आणि मग "एफबीआयनेच मारलं ना त्याला?" इथून सुरुवात होते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मला स्वतःला खून कोणी केला यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत जास्त इंटरेस्ट आहे, ती म्हणजे माणूस बदलत होता आणि त्याच्यावर पाळत ठेवणारं सरकार ते सगळं लिहूनही घेत होतं, तरी त्यांच्या लेखी तो कसा बदललाच नाही. त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, बाकीची आटोपशीर आहेत.

हा माणूस कोण, एका दमात सांगा

जन्म १९ मे १९२५, नेब्रास्कातलं ओमाहा, नाव माल्कम लिटल, बाप बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि मार्कस गार्वीच्या, म्हणजे काळ्यांच्या स्वाभिमानाच्या, चळवळीतला माणूस, तो १९३१ मध्ये ट्रामखाली सापडून गेला (घरच्यांना तो घातपातच वाटत राहिला), आई पुढे मनोरुग्णालयात, भावंडं वेगवेगळ्या घरांत, मग बोस्टन, न्यूयॉर्कमधली हार्लेम ही काळ्यांची वस्ती, चोऱ्यामाऱ्या, आणि १९४६ मध्ये घरफोडीच्या केसमध्ये आत. तुरुंगात वाचनाचं वेड आणि 'नेशन ऑफ इस्लाम' नावाच्या काळ्या लोकांच्या संघटनेची ओळख, १९५२ मध्ये सुटका, लिटल हे आडनाव गुलामांच्या मालकांकडून आलेलं म्हणून टाकलं आणि त्याजागी नुसता एक्स लावला. १९५४ पासून हार्लेमच्या ७ नंबरच्या मंदिराचा प्रमुख, दहाएक वर्षांत देशभर नाव, मार्च १९६४ मध्ये संघटनेतून बाहेर, आणि २१ फेब्रुवारी १९६५ ला न्यूयॉर्कच्या ऑडुबॉन बॉलरूममध्ये भर सभेत गोळ्या. वय ३९.

एफबीआयची नजर त्याच्यावर पडली कशी?

एका पत्रामुळे. १९५० मध्ये, म्हणजे तुरुंगात असतानाच, त्याने राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना कोरियन युद्धाच्या विरोधात पत्र लिहिलं आणि त्यात ठोकून दिलं की मी पहिल्यापासून कम्युनिस्ट आहे आणि मागच्या युद्धात मी जपानी सैन्यात भरती व्हायला निघालो होतो. आता हा काही कम्युनिस्ट वगैरे नव्हता. हीच जपानी सैन्याची टेप त्याने १९४३ मध्ये सैन्यभरती टाळायला पण वाजवली होती, तेव्हा डॉक्टरांनी मानसिकदृष्ट्या अपात्र म्हणून त्याला सोडून दिलं होतं. पण तो काळ असा की कम्युनिस्ट हा एक शब्द दिसला तरी कागद हलायचे. सुटून आल्यावर १९५३ पासून रीतसर पाळत सुरू झाली.

फाइलमध्ये असतं काय नक्की?

कंटाळवाणा मजकूर, खरं सांगायचं तर. शीर्षक शेवटपर्यंत 'माल्कम के. लिटल', एक्स हे नाव सरकारने मनावर घेतलंच नाही. फाइलचा नंबर १०० ने सुरू होतो, ती ब्यूरोची देशांतर्गत सुरक्षेची वर्गवारी. न्यूयॉर्क ऑफिस साधारण दर सहा महिन्यांनी वॉशिंग्टनला रिपोर्ट पाठवायचं, त्यात राहतो कुठे, काम काय, कुठल्या तारखेला कुठल्या शहरात बोलला, काय बोलला, सोबत कोण होतं, पेपरात काय छापून आलं. मधेमधे खबऱ्यांचे सांकेतिक नंबर आणि 'याने पूर्वी विश्वसनीय माहिती दिली आहे' असा ठरलेला शेरा, आणि मग काळ्या शाईने पुसलेल्या ओळीच्या ओळी. हजारो पानं आहेत अशी. सरकारी कारकुनाने लिहिलेलं चरित्रच म्हणा हवं तर, फक्त नायकाबद्दल कुतूहल शून्य.

माहिती आणायचं कोण? खबरे की फोन टॅप?

दोन्ही, आणि शिवाय उघडउघड भेटी पण. मंदिरातल्या बैठकांत बसणारे खबरे होतेच, ते पैशासाठी किंवा कुठल्यातरी केसच्या भीतीने बोलायचे. नेशनचा सर्वेसर्वा एलिजा मुहम्मद, त्याचा फोन तर १९५७ पासून टॅप होता, ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाच्या, परवानगीने. माल्कमचा फोन १९६४ मध्ये ऐकला जात होता. आणि १९५५ मध्ये एजंट थेट त्याच्याकडे जाऊन प्रश्न विचारून आले, तर याने धड काही हाती लागू दिलं नाही.

१९६४ ची भेट जास्त मजेदार आहे. एलिजाशी बिनसलंय हे कळल्यावर एजंट घरी आले, संघटनेची माहिती दे, पैसे मिळतील वगैरे सुचवायला. माल्कमने रेकॉर्डर लपवून सगळं संभाषण टेप केलं! म्हणजे पाळत ठेवणाऱ्यांचाच आवाज आज आपल्याला ऐकायला मिळतो, आणि तो त्यांना अगदी शांतपणे, सभ्यपणे टोलवत राहतो.

याशिवाय न्यूयॉर्क पोलिसांची एक वेगळी गुप्त शाखा होती, तिला बॉस म्हणायचे. तिच्याबद्दल पुढे येतंय.

तो खरंच गोऱ्यांना सैतान म्हणायचा का?

हो. यात सारवासारव करायची काही गरज नाही. नेशनची शिकवणच ती होती, याकूब नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो वर्षांपूर्वी गोरा वंश तयार केला आणि तो वंश जन्मतःच दुष्ट आहे, अशी ती कथा, आणि माल्कम ती वर्षानुवर्षं मंचावरून सांगत होता. मुख्य प्रवाहातल्या इस्लामशी तिचा काही संबंध नाही. जून १९६२ मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर विमान कोसळून अटलांटाचे शंभरावर गोरे प्रवासी गेले तेव्हा त्याने भर सभेत ही आनंदाची बातमी आहे असं म्हटलं. वाचताना अंगावर येतं, आजही.

पण त्याच्या थोडं आधी, एप्रिल १९६२ मध्ये, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी नेशनच्या मशिदीबाहेर गोळीबार केला होता, त्यात रोनाल्ड स्टोक्स हा त्याचा निःशस्त्र सहकारी मेला होता आणि पोलिसांना काही झालं नव्हतं. ऑर्लीवरचं बोलणं त्याने समर्थनीय होत नाही, पण संदर्भ सोडून फक्त ते वाक्य फिरवणं पण बरोबर नाही.

मग बदल मक्केत झाला, रातोरात?

आत्मचरित्र वाचलं की तसं वाटतं खरं. एप्रिल १९६४ मध्ये हज, तिथे निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवला, एका गालिच्यावर झोपला, एकाच देवापुढे उभा राहिला, आणि तिथून पत्र पाठवलं की मला माझ्या काही जुन्या मतांची फेरमांडणी करावी लागतेय. ८ मे च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची बातमी पण आली. नाव घेतलं अल-हज मलिक अल-शाबाझ.

पण १९५९ मध्येच तो इजिप्त, सौदी वगैरे फिरून आलेला होता, सगळ्या रंगांचे मुसलमान तेव्हाच बघितले होते, बोलला नाही एवढंच, कारण एलिजाच्या विरोधात जायचं नव्हतं. मग एलिजाची बाहेरची लफडी कळली, तरुण सेक्रेटरींपासून झालेली मुलं कळली, आणि ज्याला देवासारखं मानलं तो असा निघाला म्हटल्यावर आतून काय होत असेल. १ डिसेंबर १९६३ ला केनेडींच्या हत्येवर तो काहीतरी तिरकस बोलला, पेरलं तेच उगवलं अशा अर्थाचं, त्यावरून ९० दिवस तोंड बंद ठेवायची शिक्षा, आणि ८ मार्च १९६४ ला त्याने स्वतःच सोडत असल्याचं जाहीर केलं. हज त्यानंतरची. माझं मत विचाराल तर मक्केने त्याला नवीन मत दिलं नाही, साठलेलं मत उघड बोलायला एक जागा आणि एक अधिकार दिला.

आणि बदल मक्केला थांबला पण नाही. घानामध्ये त्याला अल्जीरियाचा राजदूत भेटला, स्वतः क्रांतिकारक, दिसायला पक्का गोरा, त्याने साधा प्रश्न टाकला की तुझा काळा राष्ट्रवाद ठीक आहे पण मग मी कुठे बसतो त्यात? माल्कमला उत्तर देता आलं नाही आणि ते त्याने जानेवारी १९६५ च्या मुलाखतीत सरळ कबूल केलं, की काळा राष्ट्रवाद हे लेबल मी हल्ली वापरत नाही. त्याच महिन्यात कॅनडाच्या टीव्हीवर आंतरवंशीय लग्नाबद्दल विचारलं, तर म्हणाला एक माणूस दुसऱ्या माणसाशी लग्न करतोय, एवढंच. पूर्वी हाच मिसळण्याच्या कट्टर विरोधात बोलायचा.

म्हणजे शेवटी तो गोऱ्यांचा मित्र झाला, मवाळ झाला, असं म्हणायचं का?

नाही, आणि हे शाळेच्या पुस्तकी टाइपचं वाचन मला फार खटकतं. त्याने सोडलं ते 'सगळे गोरे जन्मतः सैतान' हे तत्त्व. अमेरिकेतली वर्णव्यवस्था, पोलीस, घरांची विभागणी, याबद्दलचा राग तसूभर कमी झाला नाही. हजला जायच्या आधी 'मतपत्रिका किंवा गोळी' हे भाषण झालं आणि परत आल्यावर पण स्वसंरक्षणाचा हक्क तो सोडत नव्हताच. २८ जून १९६४ ला त्याने आफ्रो-अमेरिकन ऐक्य संघटना काढली, तिच्यात गोऱ्यांना सभासदत्व नव्हतं, मदत करायची तर तुमच्या गोऱ्या लोकांत जाऊन काम करा असं तो सांगायचा. पूर्वी एका गोऱ्या कॉलेजकन्येने मी काय करू शकते विचारलं होतं आणि याने काहीच नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं, त्याचा पश्चात्ताप मात्र शेवटच्या दिवसांत बोलून दाखवला.

एफबीआयला हा बदल कळला का?

कळला, म्हणजे नोंदला. विमानतळावरची पत्रकार परिषद, टीव्ही मुलाखती, मक्केच्या पत्राची बातमी, सगळं फाइलला लागलं. उलट इतिहासकारांना आज त्याच्या शेवटच्या वर्षाचा दिवसवार माग काढता येतो त्यात या रिपोर्टांचा मोठा वाटा आहे, हा सगळ्यात मोठा विनोद.

पण नोंदणं आणि समजणं यात फरक पडतो तो इथे. फाइलला एकच प्रश्न विचारायचा होता, हा धोकादायक आहे का, आणि उत्तर आधीच हो असं ठरलेलं. १९५८ मध्ये तो गोऱ्यांचा द्वेष करतो म्हणून धोका. १९६४ मध्ये द्वेष करत नाही म्हणतोय, तर मग आता तो नवी संघटना काढतोय म्हणून धोका. ब्यूरोने लगेच मुस्लिम मॉस्क (नेशन सोडल्यावर त्याने काढलेली धार्मिक संघटना) आणि नवी ऐक्य संघटना या दोन्हींवर वेगळ्या फाइली उघडल्या, आणि नवे खबरे बसवायची धावपळ.

त्यांच्या बाजूने बघितलं तर यात एक थंड तर्क होता पण. नेशन ऑफ इस्लाम कितीही जहाल बोलली तरी राजकारणापासून लांब राहायची, मोर्चे नाहीत, नागरी हक्कवाल्यांशी युती नाही, वेगळं राष्ट्र द्या म्हणायचं आणि आपलं आपलं दुकान चालवायचं. सरकारला अशी संघटना शिव्या द्यायला बरी आणि सांभाळायला सोपी. नेशनमधून सुटलेला माल्कम मात्र मतदार नोंदणीची भाषा करायला लागला, इतर नेत्यांशी जुळवून घ्यायला लागला, आणि मुख्य म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचा प्रश्न मानवी हक्कांचा म्हणून संयुक्त राष्ट्रांत न्यायला निघाला. जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकन देशांच्या परिषदेत जाऊन त्याने प्रतिनिधींसमोर हे निवेदन ठेवलं, आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की परराष्ट्र आणि न्याय खात्यांनी याची दखल घेतलीय. शीतयुद्धाचे दिवस, नव्याने स्वतंत्र झालेले आफ्रिकी देश कुणाच्या बाजूला जाणार याची वॉशिंग्टनला चिंता, त्यात हा माणूस राष्ट्राध्यक्षांना भेटत सुटलेला. परदेशी सरकारांशी परस्पर व्यवहार करण्याविरुद्धचा एक जुना कायदा त्याला लावता येईल का याचाही विचार झाला.

म्हणजे वंशाबद्दलची मतं जितकी माणसाळली तितका तो सरकारला जास्त अवघड झाला, कारण द्वेष करणाऱ्याला एकटं पाडता येतं, युती करणाऱ्याला नाही. माझ्या मते या सगळ्या हजारो पानांतून घ्यायची गोष्ट ही आहे आणि तीच तिथे कुठल्याही रिपोर्टमध्ये सरळ लिहिलेली नाही.

क्लानवाल्यांशी मीटिंग झाली होती हे खरं आहे?

खरं आहे. २८ जानेवारी १९६१, अटलांटा. दोन्हीकडच्यांना वेगळं राहायचं होतं, त्यामुळे एलिजाच्या सांगण्यावरून कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी हिंसक संघटनेच्या लोकांशी बोलणी झाली, विषय जमिनीचा आणि एकमेकांच्या वाटेला न जाण्याचा. एफबीआयच्या कागदांत याची नोंद आहे. जगाला कळलं ते माल्कमने स्वतः फेब्रुवारी १९६५ मध्ये जाहीर सभेत सांगितलं तेव्हा, आणि मला याची लाज वाटते असं तो म्हणाला.

एलिजा आणि माल्कममध्ये फूट एफबीआयने पाडली का?

भांडणाची कारणं खरी होती, ती कुणी बाहेरून आणली नव्हती. लफडी खरी, मत्सर खरा, केनेडींवरचं वक्तव्य पण खरं. पण आगीत तेल ओतायचे उद्योग चालू होते, एलिजाच्या खासगी आयुष्याची माहिती वापरून आत संशय पेरायचे प्रस्ताव ब्यूरोच्या कागदात आहेत. आणि १९६९ मध्ये शिकागो ऑफिसने वरती पाठवलेल्या टिपणात नेशनमध्ये गट पाडल्याचं श्रेय घेतलंय, ठळक उदाहरण म्हणून माल्कमचं नाव देऊन. आता साहेबांपुढे शेखी मिरवणारा अधिकारी किती खरं बोलत असतो हे सरकारी ऑफिस बघितलेल्या कुणालाही माहितीय, त्यामुळे मी ते टिपण शंभर टक्के घेत नाही. पण सोडूनही देत नाही.

शेवटी, एफबीआयने मारलं का?

गोळ्या झाडणारे नेशनशी संबंधित होते. एकजण जागेवरच पायाला गोळी लागून गर्दीच्या तावडीत सापडला, त्याने कबुली दिली आणि पुढे सांगत राहिला की माझ्याबरोबर शिक्षा झालेले दोघं निर्दोष आहेत. हत्येचा आदेश सरकारने दिला असा पुरावा समोर नाही. धोका आहे हे सरकारला माहीत होतं का? पुरेपूर. १४ फेब्रुवारीला त्याच्या घरावर पेट्रोल बॉम्ब पडले होते, बायकामुलं आत झोपलेली असताना. धमक्यांचे रिपोर्ट फाइलला लागत होते आणि सभागृहात खबरे बसलेले होते.

त्यातला एक तर बॉडीगार्डच होता. जीन रॉबर्ट्स, बॉस शाखेचा पोलीस, वेषांतर करून माल्कमच्या सुरक्षेत शिरलेला. गोळीबारानंतर मंचावर चढून तोंडाने श्वास द्यायचा प्रयत्न करणारा तोच. पाळत ठेवायला पाठवलेला माणूस त्याचा जीव वाचवायला धडपडतोय, यावर मला अजून नीट काही बोलता येत नाही.

२०२१ मध्ये काय झालं मग?

१८ नोव्हेंबर २०२१ ला मुहम्मद अझीझ आणि खलील इस्लाम या दोघांची शिक्षा कोर्टाने रद्द केली. दोघांनी वीस वीस वर्षं तुरुंगात काढलेली, खलील इस्लाम तर २००९ मध्येच वारले, निकाल ऐकायला नव्हते. सरकारी वकिलांनीच कोर्टात सांगितलं की एफबीआय आणि पोलिसांनी महत्त्वाचे कागद दाबले, दुसऱ्या संशयितांकडे बोट दाखवणारे, आणि एफबीआयचा प्रमुख हूवर याच्या आदेशाने साक्षीदारांना सांगण्यात आलं होतं की तुम्ही आमचे खबरे आहात हे पोलिसांना किंवा वकिलांना बोलू नका. खबऱ्यांचं जाळं उघडं पडू नये म्हणून दोन माणसं आत सडली! २०२२ मध्ये न्यूयॉर्क शहर आणि राज्य मिळून ३ कोटी ६० लाख डॉलर भरपाई ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये माल्कमच्या मुलींनी एफबीआय, सीआयए आणि पोलिसांवर १० कोटी डॉलरचा दावा लावला.

हे सगळं कोइंटेलप्रोचा, म्हणजे संघटना आतून फोडायच्या एफबीआयच्या गुप्त कार्यक्रमाचा, भाग होतं ना?

तांत्रिकदृष्ट्या नाही. काळ्या संघटनांविरुद्धचा तो खास कार्यक्रम ऑगस्ट १९६७ मध्ये सुरू झाला, माल्कम जाऊन अडीच वर्षं झाल्यावर. पण ४ मार्च १९६८ च्या आदेशात चळवळीला एकत्र आणणारा 'मसीहा' उभा राहू देऊ नका असं लिहिताना माल्कमचं नाव आहे, तो तसा होऊ शकला असता, आज तो हुतात्मा आहे, अशा शब्दांत. त्याच कागदात मार्टिन लुथर किंगचंही नाव, आणि महिन्याभरात किंगची हत्या झाली. हा कार्यक्रम उघडकीला आला तो १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या एफबीआय ऑफिसात काही कार्यकर्त्यांनी चोरी करून कागद पळवले म्हणून.

किंग तर अहिंसावादी, त्यांच्यावर पण पाळत?

पाळत होती, आणि ती जास्त घाणेरडी. १९६३ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींनी टॅपिंगला मंजुरी दिली, हॉटेलच्या खोल्यांत माइक लावले. अहिंसा पाळली तरी सुटका नव्हती, जहाल बोललं तरी नव्हती. दोघं आयुष्यात एकदाच भेटले, २६ मार्च १९६४, सिनेटच्या इमारतीत, मिनिटभर.

महाराष्ट्राशी काही संबंध लागतो का याचा?

ओढूनताणून लावू नका. माल्कमचा थेट संबंध मला माहीत नाही. चळवळींचा धागा मात्र आहे, माल्कमच्या विचारांवर पोसलेल्या ब्लॅक पँथर्सवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही मंडळी. आणि त्याआधी १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉयस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाबद्दल विचारलं होतं, म्हणजे माल्कम १९६४ मध्ये ज्या दारावर थाप मारत होता ते दार आधीच ठोठावून झालं होतं. डु बॉयस यांच्यावर पण एफबीआयची फाइल होतीच.

फाइल मला वाचता येईल का? कुठून सुरू करू?

येईल, एफबीआयच्या स्वतःच्या ऑनलाइन संग्रहात स्कॅन केलेली आहे, फुकट, पण पुसट टायपिंग आणि काळ्या पट्ट्या यांची तयारी ठेवा. पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर दुसऱ्या दिवशी सोडून द्याल. मी तरी सांगेन की १९५० च्या तुरुंगातल्या पत्राची नोंद बघा, मग थेट १९६४ वर उडी मारा, मार्च ते डिसेंबर. खबऱ्याने सांगितलेलं आणि भाषणातून उतरवलेलं यात फरक करा, खबरे ऑफिसला जे हवं तेच बरेचदा पुरवतात. शक्य असेल तिथे त्याच तारखेचं भाषण ऐका, बरीच रेकॉर्डिंग उपलब्ध आहेत, आणि रिपोर्टमध्ये त्यातलं काय घेतलंय, काय गाळलंय ते ताडून बघा, गाळलेलं बहुतेक विनोद असतात आणि प्रश्नोत्तरं असतात, जिथे तो समोरच्याचं ऐकून विचार करत बोलत असतो.